पडद्यावरचा बिबट्या आणि पहिलीतलं मूल

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, घोड नदीच्या खोऱ्यात, घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळा आहेत. अशा एखाद्या शाळेत भिंतीवर पडदा लावून सुजय डहाके यांचा 'आजोबा' हा 2014 सालचा चित्रपट लहान मुलांना दाखवावा का, एवढाच प्रश्न इथे घेतला आहे. चित्रपट बिबट्याचा आणि मुलंही बिबट्याच्याच मुलखातली. त्यामुळे उत्तर शोधायला लागलं की लहान मुलांसाठी प्राण्यांचा साहसपट निवडायचा तरी कशाच्या आधारावर, हेही उकलावं लागतं. मांडणीसाठी संवाद योजला आहे. 'बाई' ही आश्रमशाळेत शिकवणाऱ्या आणि वसतिगृहातल्या मुलांची रात्रीही काळजी वाहणाऱ्या शिक्षिकेची बाजू. ती कुणा एका व्यक्तीची नाही. 'लेखक' म्हणजे मीच, आणि माझं झुकतं माप कुठे आहे ते लपवणार नाही.

बाई : माझं म्हणणं सरळ आहे. आमच्या मुलांना बिबट्या पडद्यावर दाखवायची गरजच काय? शहरातलं मूल तो बघायला तिकीट काढतं. आमची मुलं सुट्टीत घरी गेली की तिन्हीसांजेला शेळ्या आत घेताना त्याची धास्ती घेऊनच वावरतात. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेडला लहान मुलांचे जीव गेले, लोक रस्त्यावर उतरले, शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. हे सगळं मोठ्यांच्या बोलण्यातून आमच्या पोरांच्या कानावर गेलं नसेल का? त्यात तुम्ही खोलीत अंधार करून, आवाज मोठा ठेवून आणखी एक बिबट्या दाखवणार. पाचवीच्या खालच्या वर्गांना असला चित्रपट नकोच. भीती वाढवणारी वस्तू आपणहून पोरांपुढे कशाला ठेवायची?

लेखक : बाई, चित्रपट बघून मूल घाबरलं की तो त्याला अयोग्य, असं तुम्ही धरून चाललात. बहुतेक पालक तेच धरतात आणि चित्रपट प्रमाणन मंडळही. 2016 साली जॉन फॅवरो यांचा 'द जंगल बुक' आपल्याकडे लागला तेव्हा मंडळानं त्याला 'यूए' दिलं, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचा की नाही ते पालकांनी ठरवावं. मोगलीच्या गोष्टीला पालकांची परवानगी, म्हणून तेव्हा पुष्कळ चेष्टा झाली. मंडळाचे त्या वेळचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांचं म्हणणं असं होतं की पुस्तक मुलांचं असलं तरी त्रिमिती पडद्यावर प्राणी अंगावर झेपावतात आणि पोरं दचकतात. मला यात निहलानींची बाजू पटते. हे वाक्य मला फार वेळा लिहावं लागत नाही. कारण लहान मूल नेमकं कशाला घाबरतं, ते मोठ्यांना आपल्या अंदाजानं सांगता येत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जोअ‍ॅन कॅंटर यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलं. शाळेत जाऊ लागण्याच्या वयापर्यंतची मुलं मुख्यतः रूपाला आणि आवाजाला घाबरतात: अक्राळविक्राळ तोंड, गुरगुर, एका आकृतीची दुसरी होणं. 'हल्क' या दूरदर्शन मालिकेतला नायक हिरवा राक्षस होऊन लोकांना वाचवायचा. मोठ्या मुलांना तो वाचवणारा म्हणून आवडायचा, तर लहानग्यांना सगळ्यात जास्त भीती त्या रूपांतराचीच वाटायची. वाचवतोय कोण, हे त्यांच्या हिशेबात नव्हतंच. आठ-नऊ वर्षांच्या पुढे भीतीची जात बदलते. तिथे मूल विचारतं, हे माझ्या बाबतीत होऊ शकेल का?

आता हाच प्रश्न डिंभ्याला लावून बघा. मुंबईतल्या चौथीतल्या मुलाला पडद्यावरच्या बिबट्याची भीती वाटली तर ते मनाशी म्हणू शकतं की आपल्या सोसायटीत असलं काही नाही. (गोरेगाव, मुलुंड, ठाणे इथलं मूल तसंही म्हणू शकणार नाही, ते सोडा.) आंबेगाव-जुन्नरमधल्या मुलाला हा आडोसाच नाही. माझ्या बाबतीत होईल का, याचं खरं उत्तर इथे 'होऊ शकेल' असं आहे. इथवर तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आपली फारकत याच्या पुढे होते. ज्या मुलखात बिबट्या खरोखर येतो, तिथे त्याची भीती ही मुलाच्या मनातून काढून टाकायची वस्तू नव्हे. एकट्यानं उसाच्या कडेला जाऊ नये, अंधारात वाकून बसू नये, चार जणांनी मिळून बोलत-गात जावं, बिबट्या दिसला तर पळू नये, हे सगळं वनखातं सांगतं आणि त्यामागे भीतीच आहे. तेव्हा भीती किती वाटली, हे मोजून चित्रपटाची पारख होणार नाही. ती भीती कशाला चिकटली आणि तिनं मुलाला काय करायला सांगितलं, हे बघायचं. जनावराविषयी खरं सांगणारा चित्रपट थोडा भीतिदायक असला तरी चालेल. खोटं सांगणारा कितीही गोड असला तरी इथल्या लहान मुलांना नको.

बाई : हे ठरवायला मंडळ आहे की. आता तर 'यूए'मध्येही सात, तेरा, सोळा अशी वयं घातली आहेत. आम्ही दोन शिक्षक, एका खोलीत दोन-दोन वर्ग. पोषण आहाराची नोंद ठेवू, की चित्रपटाची सत्यासत्यता तपासू? पाटीवर जे लिहिलंय ते बघू आणि तसं करू.

लेखक : वयाच्या पायऱ्या झाल्या ते बरंच झालं. 'यूए' 1983 साली आलं, आणि पुढची चाळीस वर्षं तीन वर्षांचं पोर आणि अकरा वर्षांचा मुलगा एकाच दावणीला बांधलेले होते. 2023 च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं ते सोडवलं. पण त्या पाटीचा अर्थ नीट बघा. मंडळ मारामारी, शिव्या, नशा, शरीरसंबंध, भय यांचं माप घेतं. चित्रपटातला हत्ती हत्तीसारखा वागतो का, हे बघणं त्याचं काम नाही, आणि ते काम मंडळाकडे द्यावं असं मी म्हणणारही नाही. तिथलं माप देशभरासाठी एकच. पुण्यातल्या मल्टिप्लेक्समधली खुर्ची आणि गोहे-आहुप्याकडच्या शाळेतली सतरंजी यांत पाटीला फरक करता येत नाही. शिवाय दृश्यातलं रक्त मोजून धक्का मोजता येतो, हेही खरं नाही. डिस्नेच्या 1942 च्या 'बांबी'त पाडसाची आई मरते ती पडद्याबाहेर: बंदुकीचा आवाज येतो, मग बर्फ, आणि आईला हाका मारणारं पाडस. थेंबभर रक्त नाही. तरी लहानपणी बघितलेला सर्वांत जिव्हारी लागणारा प्रसंग कोणता, असं विचारलं की जगभरातले प्रौढ अजून त्याच प्रसंगाचं नाव घेतात. 'फाइंडिंग निमो'ची सुरुवातही तशीच, मोठा मासा येतो आणि आई व अंडी नाहीशी होतात. दोन्ही चित्रपट लहान मुलांचे म्हणूनच ओळखले जातात. आईपासून लांब राहून शिकणाऱ्या मुलांना ते दाखवताना कुठलीही पाटी तुम्हाला सावध करणार नाही. ते तुम्हालाच ओळखावं लागेल, कारण मुलं तुम्हाला माहीत आहेत.

बाई : बरं, मग असं करू. भीतीचे चित्रपट बाजूला ठेवू आणि मायेचे दाखवू. हत्ती, माकड, वाघाचं पिल्लू. लहानपणी जनावरावर जीव जडला तरच मूल मोठेपणी त्याला वाचवेल ना? आमच्याकडे बिबट्याचं नाव काढलं की 'मारून टाका' याखेरीज दुसरं वाक्य ऐकू येत नाही. त्या मुलांच्या मनात थोडं प्रेम निर्माण झालं तर कुठे बिघडलं?

लेखक : बाई, मला सगळ्यात जास्त धोका इथेच वाटतो. प्राण्यांच्या चित्रपटात दोन खोट्या गोष्टी जुन्या आहेत: जनावर आपला दोस्त आहे, किंवा ते आपल्यावर डूख धरून आहे. 1971 चा 'हाथी मेरे साथी' घ्या. त्यात पोरक्या राजूला बिबट्यापासून हत्ती वाचवतात, आणि पुढे रामू हत्ती त्याच्यासाठी जीवही देतो. दोस्त आणि दुश्मन दोन्ही एकाच गोष्टीत मिळतात. डूख धरणाऱ्या जनावराचा दाखला म्हणजे 'जॉज'. पीटर बेंचली यांच्या कादंबरीवर 1975 साली तो निघाला आणि शार्क म्हणजे माणसांमागे लागलेला खुनी, हे चित्र जगात पक्कं झालं. पुढे स्वतः बेंचलींना त्याचा पस्तावा झाला आणि त्यांनी उरलेलं आयुष्य शार्कच्या संरक्षणासाठी बोलण्यात-लिहिण्यात घालवलं. हे खोटं ओळखायला सोपं असतं, पालकही ते लगेच ओळखतात. दोस्तीचं खोटं मात्र सगळ्यांना गोड वाटतं, म्हणून त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. 'फ्री विली'मध्ये मुलगा व्हेलला समुद्रात मोकळं करतो. त्या कामासाठी घेतलेला केइको हा खरा व्हेल, लोकांनी पैसे जमवून, शिकवून-सवरून 2002 साली सोडला. तो पोहत नॉर्वेला गेला आणि तिथे माणसांचाच शेजार शोधत राहिला, पोरं त्याच्या पाठीवर चढू लागली. 2003 च्या डिसेंबरात तो मेला. चित्रपटातल्या दोस्तीची किंमत त्या जनावराला मोजावी लागली.

जुन्नर-आंबेगावात हे खोटं किती महाग पडेल, ते ऊसतोडीच्या दिवसांत दिसतं. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, डिंभे त्यांतलंच एक. कालव्यांचं पाणी खालच्या पट्ट्यात गेलं, ऊस उभा राहिला, कारखाने आले. बारा-अठरा महिने उभं राहणारं पीक म्हणजे दाट आडोसा; आत पाणी, आजूबाजूला कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्यांच्या माद्या उसात विऊ लागल्या. जंगल कधी न पाहिलेले बिबटे तिथे वाढले. तोड लागली की सरीत मांजराएवढी पिल्लं सापडतात. माणसं ती उचलतात, मांडीवर घेतात, मोबाइलवर फोटो काढतात. मादी तिथेच जवळपास असते. म्हणून वनखातं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्राचे लोक पिल्लं तपासून, संध्याकाळी ती सापडली त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि बाजूला होतात. रात्रीतून आई येते आणि एकेक करून घेऊन जाते. आता सांगा, पडद्यावर पिल्लाला दूध पाजणारा, त्याच्याशी लोळणारा मुलगा बघून आलेलं सात वर्षांचं पोर सरीतल्या पिल्लाजवळ काय करील? त्याला प्रेम वाटेल, तुम्ही म्हणता तसंच. ते हात पुढे करील. झेपावणाऱ्या बिबट्याचं एखादं दृश्य बघून दचकलेलं मूल रात्री एकदा रडेल, पण पिल्लाला हात लावणार नाही.

आपल्याकडचं एक नाजूक उदाहरणही टाळता येत नाही. डॉ. प्रकाश आमटे यांच्यावर 2014 सालीच चित्रपट निघाला. हेमलकशाला त्यांनी अनाथ पिल्लं वाढवली, बिबट्याबरोबर ते वावरले, हे खरंच आहे. पण ती पिल्लं माणसाच्या हातात मोठी झालेली होती, आणि तो माणूस रोज त्यांच्यात राहत होता. हा संदर्भ सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात टिकत नाही. तिथे चित्र तेवढं उरतं: मोठा चांगला माणूस आणि त्याच्या अंगावर रेललेला बिबट्या. मोठ्यांसाठी हा चित्रपट उत्तम आहे. आपल्या परिसरातल्या लहानग्यांना दाखवायचा झाला, तर संदर्भ पडद्याआधी तोंडी द्यावा लागेल, आणि तो दिलेला त्यांना कळलाय याची खात्री करून घ्यावी लागेल.

बाई : तुम्ही गोष्टीवर फारच ओझं टाकता. पंचतंत्रात सिंह-ससा बोलतात, इसापाचा कोल्हा बोलतो. भोपळ्यात बसून लेकीकडे जाणारी म्हातारी वाघाला बनवते. पिढ्यान्‌पिढ्या आपण हे सांगत आलो. ती मुलं जंगलात जाऊन वाघाशी बोलायला लागली का? मुलांना मजा येऊ द्या. प्रत्येक चित्रपट म्हणजे परिसर अभ्यासाचा तास नव्हे.

लेखक : भोपळ्यातल्या म्हातारीवर माझा काही आक्षेप नाही, उलट ती गोष्ट मला मुद्द्याची वाटते. तिच्यात वाघ बोलतो, पण म्हातारीला खायचंय हे एकदाही विसरत नाही. आणि म्हातारी त्याच्याशी गोडीत बोलते ती फक्त सुटून जाण्यापुरती. ससा-सिंहाच्या गोष्टीतही सिंह खाणाराच आहे. बोलणारे प्राणी म्हणजे खोटं असं मी म्हणत नाही. ऐकणाऱ्या पोराला ती गोष्ट आहे हे आजीच्या आवाजावरूनच कळतं. रंगवलेल्या चित्रातला हत्ती टोपी घालून शाळेत गेला तरी कुणाची दिशाभूल होत नाही. अडचण येते ती प्राणी हुबेहूब दिसतो आणि आतून माणूस असतो तेव्हा. पूर्वी याला एक नैसर्गिक लगाम होता. पडद्यावर वाघ-बिबट्या आणायचा तर खरा आणावा लागे, आणि खरं जनावर दिग्दर्शकाचं सगळंच ऐकत नाही. आपल्याकडे तर 1998 च्या अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांना खेळासाठी शिकवायला आणि दाखवायलाच बंदी घातली. जनावरांच्या दृष्टीनं ते उत्तम झालं. त्यांची जागा संगणकानं घेतली. 2016 च्या 'जंगल बुक'मध्ये मोगलीचं काम करणारा नील सेठी तेवढा खरा, बघिरापासून शेरखानपर्यंत सगळं जंगल संगणकावरचं. असा प्राणी हवा तसा हसतो, भुवया उंचावतो, रडतो, आणि त्याचा केसन्‌केस खरा दिसतो. पाच-सहा वर्षांचं मूल या दिसण्यावर विश्वास ठेवतं. तुम्ही मजेचं म्हणता, ती हवीच. मजा आणि खरेपणा यांचं वैर आहे असं मी मानत नाही, म्हणून एक दाखला देतो.

आंग ली यांचा 2012 चा 'लाइफ ऑफ पाय' हा मुलांसाठी म्हणून काढलेला नाही, आणि लहानग्यांना तो मी दाखवणार नाही. पण प्राण्यांच्या साहसपटाकडून काय मागावं, ते त्यात दिसतं. पाय हा प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्याचा मुलगा. वाघाच्या डोळ्यांत आपल्याला मैत्री दिसली असं त्याला वाटतं आणि तो गजांतून हात घालून मांस द्यायला जातो. बाप त्याला उभं करून पिंजऱ्याशी बांधलेली शेळी वाघ कशी नेतो ते दाखवतो. क्रूर आहे ते, आईही विरोध करते. पुढे समुद्रात तोच मुलगा त्याच वाघाबरोबर होडीवर दिवस काढतो आणि जगतो, ते वाघाला वाघ मानून हद्द आखल्यामुळे. शेवटी किनाऱ्यावर उतरल्यावर वाघ मागे वळूनही न बघता झाडीत जातो. मुलगा रडतो, पण चित्रपट वाघाला वळवत नाही. त्या एका जागी दिग्दर्शकानं जे टाळलं, त्याचं मोल दोस्तीच्या दहा चित्रपटांना नाही. डिंभ्याच्या वरच्या वाड्यांतल्या मुलाला शेळी गेल्याचं दृश्य नवं नाही. त्याला नवं असेल ते एवढंच, की पडद्यावरची माणसंसुद्धा आपल्यासारखंच हद्दीचं बोलतात.

बाई : हद्दीचं आमच्या लोकांना तुम्ही सांगायला नको. महादेव कोळी समाजात वाघबारस होते, वाघोबाचा दगड असतो रानाच्या तोंडाशी. नैवेद्य दाखवतात, गुराखी पोरं जमतात. त्याच्याशी दोस्तीही नाही आणि त्याला संपवायची भाषाही नाही. तुम्ही जे चित्रपटात शोधताय ते इथे आहेच.

लेखक : आहे, आणि माझ्या मते चित्रपट पारखायला ते मंडळाच्या पाटीपेक्षा चांगलं माप आहे. फक्त ते टिकून आहे असं समजून निर्धास्त राहू नये. वाघोबा डोंगराकडचा, आणि संघर्ष पेटलाय तो खालच्या उसाच्या पट्ट्यात. तिथे नैवेद्याऐवजी पिंजऱ्याची मागणी आहे, आणि ज्याचं मूल गेलं त्यानं ती करू नये असं कुणी म्हणू शकत नाही. आता 'आजोबा'कडे येतो, कारण तो या पिंजऱ्याविषयीच आहे. 2009 साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढला, त्याच्या गळ्यात माग काढणारा पट्टा घातला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी त्याच्या मागावर होते. 'आजोबा' हे नाव त्यांनी दिलेलं. तो महामार्ग ओलांडत, वसईच्या बाजूनं, खाडी पोहून साधारण 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, आणि वाटेत कुणाला इजा केल्याची नोंद नाही. यावर चित्रपट झाला, ऊर्मिला मातोंडकर त्यात संशोधक आहेत. त्यातला बिबट्या कुणाचा दोस्त नाही, कुणाचा वैरी नाही. तो त्याच्या वाटेनं चालतो आणि माणसं त्याचा माग काढत राहतात. माझ्या कसोटीला चित्रपट इथे उतरतो.

शिवाय त्याच्या पाठीमागचं शास्त्र याच तालुक्यांतून आलेलं आहे. 2001 च्या फेब्रुवारीत जुन्नर भागात बिबटे पकडून दूर सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. 29 बिबटे सरासरी 39.5 किलोमीटर लांबच्या जंगलांत नेऊन सोडले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहिमेनंतर ते 325 टक्क्यांनी वाढले. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 साली हे प्रसिद्ध केलं. पकडा आणि लांब नेऊन सोडा, हा उपाय वाटतो तेवढा सोपा नाही, ही गोष्ट चौथीच्या मुलालाही समजेल, जर ती चालणाऱ्या बिबट्याच्या रूपात समोर आली तर.

बाई : आणि ज्याची शेळी गेली, ज्याचं लेकरू गेलं, ते कुठे आहेत या चित्रपटात? गोष्ट संशोधकाच्या डोळ्यांनी सांगितलेली. शहाणा, गरीब, कुणाला न दुखावणारा बिबट्या. आमच्या मुलाला तो शहरातल्या माणसाचा बिबट्या वाटला तर? आणि दुसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या त्या कॅंटरबाई सांगतात ते घरात राहणाऱ्या मुलांचं. आमच्याकडे पहिलीतलं पोर रात्री उठून रडायला लागलं तर त्याची आई दोन डोंगर पलीकडे असते.

लेखक : दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. पहिल्यापुरतं सांगायचं तर, एक बिबट्या कुणाला न दुखावता 120 किलोमीटर गेला, हे खरं आहे आणि पिंपरखेडही खरं आहे. चित्रपट पहिलं सांगतो. दुसरं सांगण्यासाठी शिक्षकानं बोलायला हवं. एकाच जनावराचं वागणं पूर्ण जातीचं म्हणून मुलाच्या मनात बसलं तर तेही अर्धवटच होईल. तरीसुद्धा अर्धवट खरं आणि सरळ खोटं यांत मी फरक करतो: अर्धवट असलेलं बोलून पुरं करता येतं. 'सगळेच असे नसतात, आणि हाही भुकेला असता, कोपऱ्यात सापडला असता तर असा राहिला नसता' एवढं तिसरीतल्या मुलाला सांगितलं की कळतं. दोस्तीच्या चित्रपटानंतर असं काही सांगायला जाल तर सगळी गोष्टच मोडावी लागते, आणि मुलं ते ऐकून घेत नाहीत.

दुसऱ्या आक्षेपावर माझ्याकडे प्रत्युत्तर नाही, कारण अभ्यास तुमच्याच बाजूनं आहे. मोठ्या मुलांची भीती समजावून कमी होते, अगदी लहान मुलांची होत नाही. सापांवरच्या एका प्रयोगात मुलांना आधी सांगितलं की बहुतेक साप विषारी नसतात. मोठ्या मुलांना त्याचा उपयोग झाला. बालवाडी-पहिलीच्या वयाच्या मुलांच्या डोक्यात त्यातला 'विषारी' तेवढा राहिला आणि काही जणांची भीती उलट वाढली. त्यांना शब्द पुरत नाहीत, मांडी लागते, पांघरूण लागतं, ओळखीच्या माणसाचा हात लागतो. वसतिगृहात तेच दुर्मीळ. एक अधीक्षिका आणि चाळीस पोरं असतील तर एवढ्या मांड्या आणायच्या कुठून? म्हणून शहरातल्या पालकाला मी जे सांगेन ते तुम्हाला सांगणार नाही. त्याला म्हणेन, सहा वर्षांचं मूल कुशीत घेऊन बघा, नको वाटलं तर बंद करा. तुम्हाला म्हणतो की पहिली-दुसरीला 'आजोबा' दाखवू नका, चित्रपट कितीही खरा असला तरी. खरेपणा ही निवडीची पहिली अट आहे. सोबत कोण आहे, ही दुसरी अट, आणि ती पुरी होत नसेल तर पहिली पुरी होऊन भागत नाही.

बाई : आणि तो बिबट्या शेवटी मेला, ते सांगायचं का?

लेखक : तिसरीच्या पुढे सांगायचं, विचारलं तर नक्कीच. 2011 च्या डिसेंबरात घोडबंदरच्या बाजूला महामार्गावर गाडीची धडक बसून तो मेला आणि अंगातल्या चिपवरून ओळख पटली. मृत्यू लपवला की मुलांना तो कधीतरी दुसरीकडून कळतो, आणि मग आधी सांगितलेलंही खोटं वाटू लागतं. घरातली शेळी, कोंबडी, कधी आजी गेलेली पाहिलेल्या मुलांना मृत्यूपासून दूर ठेवायची धडपड बहुधा आपल्या सोयीसाठी असते. फक्त 'बांबी'सारखा, आईच्या जाण्यावर रचलेला मृत्यू या मुलांपुढे सहज म्हणून ठेवू नये. म्हातारा बिबट्या रस्त्यावर मेला हे दुःख वेगळं आहे. ते सोसण्याजोगं आहे, आणि त्यात रस्त्याबद्दल, गाड्यांबद्दल बोलायला जागा आहे.

बाई : म्हणजे तुमचा निकाल काय? पाटी वाचून मोकळं होता येणार नाही एवढं कळलं. आता मी करू काय ते सांगा.

लेखक : आधी चित्रपट तुम्ही एकट्यानं पुरा बघा, आणि बघताना एकच गोष्ट तपासा: हे बघून आलेलं मूल उद्या खऱ्या जनावरापुढे उभं राहिलं तर काय करील? हात पुढे करील असं वाटलं, तर कितीही लोभस असला तरी बाजूला ठेवा. दगड उचलील असं वाटलं तरीही ठेवा. 'आजोबा' तिसरीपासून वर दाखवा. सकाळच्या वेळी, खिडक्या थोड्या उघड्या ठेवून, आवाज बेताचा, आणि दोन दिवसांत तोडून. त्यात मोठ्यांचं बोलणं पुष्कळ आहे आणि एका बैठकीत पोरं कंटाळतील. दाखवायच्या दिवशी वनरक्षकाला बोलवा, आणि ज्याची जनावरं गेली आहेत असा एक गुराखी गावातून बोलवा. दोघं एकमेकांशी सहमत होणार नाहीत, झाले नाहीत तरी चालेल, मुलांना दोन्ही ऐकू द्या. पहिली-दुसरीला त्या वेळात दुसरं काही द्या. भीमाशंकरच्या रानातलं शेकरू आपला राज्यप्राणी आहे, त्याच्यावरची पाच-दहा मिनिटांची चित्रफीत त्यांना पुरेल. पुढच्या वर्षी त्यांतली दुसरीची मुलं तिसरीत येतील, तेव्हा 'आजोबा' त्यांच्यासाठी पुन्हा लावावा लागेल, म्हणून चित्रपट जपून ठेवा.